‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका

सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या लॅबमधून रक्ताची चिठ्ठी हातात आली, की घरातलं प्रत्येक जण पहिल्याच ओळीवर बोट ठेवतं. हिमोग्लोबिन ७.४. ‘बापरे, सातच रक्त हाये हिच्या अंगात!’ त्याच संध्याकाळी घरात बीट येतं, डाळिंब येतं, मेडिकलमधून लोहाचं लाल टॉनिक येतं. शेजारच्या काकू अळिवाचे लाडू सुचवतात. चार महिन्यांनी पुन्हा चिठ्ठी काढावी तर आकडा ७.६. मग कुणीतरी म्हणतं, शनिवारी जामसांवलीला नेऊन आणा.

जामसांवलीला जरूर न्या. पिंपळाखाली पहुडलेला तो मारुती या पट्ट्यातलं मोठं दैवत आहे. नागपूरकडून, छिंदवाड्याकडून, वरुड-मोर्शीकडून लोक तिथे येतात आणि त्यांत वर्षानुवर्षं आजारी असलेल्या माणसाला घेऊन आलेली कुटुंबं बरीच असतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते त्या ७.४ बद्दल. रक्त का कमी आहे, हे ठरल्याशिवाय काय खायचं आणि कोणती गोळी घ्यायची हे ठरत नाही. आणि आपल्या भागात याची कारणं एक नाही, निदान चार आहेत: लोहाची कमतरता, बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता, सिकल सेल, आणि खाल्लेलं अंगी न लावणारं आतडं. एकाच माणसात यांतली दोन किंवा तीन एकत्र नांदू शकतात. एकाला अमृत ठरणारी गोळी दुसऱ्याला निरुपयोगी, तर तिसऱ्याला अपायकारक.

म्हणून चिठ्ठीची दुसरी-तिसरी ओळही वाचायला शिका. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं, की रक्तक्षय म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याखाली ‘एमसीव्ही’ लिहिलेलं असतं. ते तांबड्या पेशीचं आकारमान. ८० ते १०० ही साधारण मर्यादा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली उतरतो. बी-१२ किंवा फोलिक ॲसिड कमी पडलं की पेशी मोठ्या होतात आणि तो १०० च्या वर चढतो. गंमत अशी, की दोन्ही कमी असली तर सरासरी निघून आकडा ठीकठाक दिसतो आणि चिठ्ठी पाहणाऱ्याची फसगत होते. अशा वेळी ‘आरडीडब्ल्यू’ बघायचा. तो वाढलेला असेल तर रक्तात लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे. शंका उरली तर फेरिटिन आणि बी-१२ या दोन तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. ताप किंवा सूज असताना ते खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ताप उतरल्यावर केलेलं बरं.

आता सिकल सेलकडे वळू, कारण आपल्या भागात हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि सर्वांत शेवटी विचारला जातो.

१९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलची नोंद लॅन्सेट या नियतकालिकात केली. पुढे नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकल सेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हा आजार दवाखान्याबाहेर, वस्त्यांपर्यंत नेला. २०१८ च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आहे. १ जुलै २०२३ ला आपल्या मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं तिचं उद्दिष्ट आहे. म्हणजे आज सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. हा फक्त आदिवासींचा आजार आहे, आपल्यात नसतो, असं अजूनही ऐकू येतं. गोंड समाजात तो आहे, तसाच विदर्भातल्या आणि लगतच्या भागातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे. जात विचारून तपासणी टाळू नका.

पहिली चाचणी साधी असते, रक्त गढूळ होतं का ते पाहण्याची. ती ‘पॉझिटिव्ह’ आली तर फक्त एवढंच कळतं, की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. अहवालात ‘एएस’ आलं तर वाहक: तो सहसा धडधाकट असतो, त्याला वेगळा आहार लागत नाही आणि गरज असेल तर लोहाच्या गोळ्याही इतरांसारख्याच घ्याव्यात. ‘एसएस’ आलं तर रुग्ण. नुकतंच बाहेरचं रक्त दिलेलं असेल तर अहवाल चुकू शकतो. तपासणीच्या वेळी हे आठवणीने सांगा.

एसएस माणसाच्या शरीरात काय चालतं ते कळलं, की त्याच्या खाण्यापिण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आपली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलच्या रुग्णाची दहा ते वीस दिवस. म्हणजे हाडांतल्या मगजाला अहोरात्र नव्या पेशी घडवाव्या लागतात, आणि प्रत्येक पेशीला फोलिक ॲसिड लागतं. म्हणून फोलिक ॲसिडची रोजची गोळी, आपल्याकडे बहुधा ५ मिलिग्रॅमची, डॉक्टर कायमची लिहून देतात. ती बंद करायची नसते. बरं वाटतं म्हणून नाही आणि मुक्कामाला गेलो म्हणूनही नाही. हृदयही जास्त काम करतं, त्यामुळे या मुलांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा अन्न जास्त लागतं. पण होतं उलटं. दुखणं उठलं की भूक मरते, दोन-चार दिवस पोटात काही जात नाही, आणि पोरगं वयापेक्षा लहान दिसू लागतं.

पेशी वाकड्या होऊन बारीक नळ्यांत अडकतात तेव्हा हाडं ठणकतात. तो झटका आणणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अतिश्रम, दारू. यांतली पाण्याची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दीड ते दोन लिटर. शिवाय सिकलमध्ये मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी शरीरात टिकत नाही आणि मूल मोठं झालं तरी रात्री अंथरूण ओलं करतं. आई मग संध्याकाळनंतर पाणी देणं बंद करते. हे अजिबात करू नका. खाली मेणकापड घाला, रात्री एकदा उठवा, पण पाणी तोडू नका. शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना आधीच सांगून ठेवा, की या मुलाला तासातसुद्धा पाणी पिऊ द्या आणि लघवीला जाऊ द्या. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी रिकामी आली का, हे रोज बघा.

अशा मुलाचं ताट कसं असावं? महाग काही लागत नाही. सकाळी कोमट पाणी, मग दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी किंवा मोडाच्या मुगाची उसळ घातलेले पोहे. दुपारी भाकरी, तुरीचं घट्ट वरण, एक पालेभाजी, दह्याची वाटी. चार वाजता मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि एखादं फळ. हंगामात संत्रं तर अंगणातलंच: अंबिया बहाराचं दिवाळीच्या आगेमागे, मृगाचं फेब्रुवारीनंतर. रात्री खिचडी किंवा वरणभात, वर साजूक तूप, आणि घरात चालत असेल तर एक अंडं. हिवाळ्यात तुरीचे सोले, बरबटी, वालाचे दाणे. उन्हाळ्यात आंबील आणि ताक. महालक्ष्म्यांना आपण ज्वारीची आंबील करतो, ती वर्षातून एकदाच का? मे महिन्यातल्या दुपारी पाणी, मीठ आणि थोडं अन्न एकदम पोटात जायला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

पालेभाजीबद्दल एक सूचना. फोलिक ॲसिड पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नासतं. भाजी धुऊन मग चिरा, चिरून मग धुऊ नका. झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवा. अंबाडी आपण उकडून, पिळून, पाणी टाकून करतो. आंबटपणासाठी ते ठीक, पण त्या पाण्याबरोबर बरंच काही जातं. त्यामुळे अंबाडीवर विसंबू नका. चवळी, पालक, मेथी, चिवळ, पावसाळ्यातला तरोटा यांनाही पाळी द्या.

लोहाचं मात्र जपून. एसएस रुग्णाच्या पेशी फुटतात तेव्हा त्यांतलं लोह शरीरातच राहतं. रक्ताच्या बाटल्या लावल्या असतील तर आणखी साठतं. जास्तीचं लोह यकृतात आणि हृदयात जाऊन बसतं. म्हणून फेरिटिन पाहिल्याशिवाय, ‘रक्त कमी आहे ना’ एवढ्यावर लोहाचं टॉनिक सुरू करू नका, आणि डॉक्टरांकडे गेलात तर ‘हा सिकलचा पेशंट आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. याचा अर्थ असा नव्हे, की सिकलच्या रुग्णाला लोह कधीच लागत नाही. पाळीत खूप अंगावरून जाणाऱ्या मुलींना, जंत असलेल्या मुलांना लागू शकतं. पण ते तपासून.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी अनेकांना दिली जाते आणि तिने झटके खरोखर कमी होतात. ती चालू असताना ठरलेल्या मुदतीने रक्त तपासावं लागतं. दुकानातून परस्पर आणून वर्षभर घेत राहण्याची ती गोळी नाही.

आता नवस आणि उपासतापास. शनिवार किंवा मंगळवार धरलेला असतो, पायी जाण्याचा संकल्प असतो, बायकांना हरतालिकेचा निर्जळी उपवास सोडवत नाही. एसएस माणसाने निर्जळी करू नये, कोणतीही. निर्जळी आणि त्यात ऊन, म्हणजे झटक्याला आमंत्रणच. उपवास धरायचाच असेल तर पाणी, दूध, ताक दिवसभर चालू ठेवा. साबुदाण्यावर राहू नका, त्यात पिठूळपणापलीकडे फारसं काही नसतं. भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, रताळं, केळं घ्या. पायी जायचा नवस घरातल्या दुसऱ्या कुणी फेडला तरी देव रागावत नाही. आपल्याकडे आजाऱ्याच्या वतीने घरच्यांनी नवस फेडण्याची रीत आहेच. भल्या पहाटे थंड पाण्याने अंघोळ, नदीत बुडी, हेही नको. तीर्थ म्हणून मिळालेलं जल भक्तिभावाने घ्या, पण दिवसभराचं पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा खात्रीचं असू द्या, कारण साध्या जुलाबानेसुद्धा या रुग्णांचं पाणी झपाट्याने घटतं. मोहाची असो की बाटलीतली, दारू नकोच.

काही गोष्टी घरी सांभाळायच्या नसतात. सिकलच्या मुलाला १०१ च्या वर ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. या मुलांची पाणथरी निकामी होत गेलेली असते, त्यामुळे जंतुसंसर्ग वेगाने पसरतो. न्यूमोकोकलची लस दिली आहे का, तेही विचारून घ्या. मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, छातीत दुखून धाप लागली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर वेळ न घालवता पांढुर्णा, छिंदवाडा किंवा नागपूर, जे जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठा. पाणथरी कुठे लागते ते डॉक्टरांकडून एकदा हाताने शिकून घ्या. हे कोणत्याही आईला पाच मिनिटांत जमतं.

सिकल नाही असं नक्की झालं आणि एमसीव्ही कमी आहे, फेरिटिनही कमी आहे, तर मग लोह. इथे मात्र हात आखडू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. बिटाचा रंग लाल असतो म्हणून ते रक्त वाढवतं, हा समज इतका घट्ट आहे की त्याला धक्का लावताना संकोच वाटतो. पण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे चार, बाजरीत सहाच्या घरात. म्हणजे आपली भाकरीच बिटाला भारी. धान्यातलं लोह अंगी सहज लागत नाही, हा त्यातला अडसर. तो दोन गोष्टींनी हलका होतो: मोड आणणं किंवा आंबवणं, आणि जेवणाबरोबर आंबट काहीतरी, म्हणजे लिंबू, आवळा, कच्चा टमाटर किंवा आपलं संत्रं. आणि तिसरी गोष्ट, जेवणाला लागून चहा नको. जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घेण्याची सवय लोहाच्या मुळावर येते. तासाभराचं अंतर ठेवा. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत लोह उतरतं, हे खरं आहे. वारंवार रक्त लावावं लागणाऱ्या सिकलच्या रुग्णासाठी मात्र साधी कढई वापरा.

हिमोग्लोबिन सात-आठवर असेल तर ते फक्त खाण्याने भरून निघत नाही, गोळी लागते. तिने शौचाला काळं होतं, पोट थोडं जड वाटतं. म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घेता येते का ते विचारा. हिमोग्लोबिन पूर्ववत झालं तरी पुढे तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण नंतर साठा भरायचा असतो. शाळेत मिळणाऱ्या गुलाबी आणि निळ्या साप्ताहिक गोळ्या मुलांनी जरूर घ्याव्यात. सिकलचा रुग्ण असलेल्या मुलासाठी डॉक्टरांचा शब्द घ्या, बाकीच्यांसाठी शंका नको. आणि चाळिशीच्या पुढच्या पुरुषात लोह कमी निघालं तर गोळ्या देऊन मोकळं होऊ नका. रक्त कुठून जातं आहे, मूळव्याधीतून, जठरातल्या व्रणातून की आतड्यातल्या गाठीतून, ते शोधायला लावा.

बी-१२ ची कथा वेगळी आहे. माळकरी घरं, महानुभाव पंथाची घरं, शनिवार-मंगळवार-गुरुवार पाळता पाळता अंडं-मांस जवळजवळ सुटलेली घरं आपल्याकडे भरपूर. बी-१२ वनस्पतींत नसतं. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, मोडात नाही; आंबीलीत किंवा इडलीत आहे असं सांगतात, पण त्यावर भरवसा ठेवण्याजोगं ते नसतं. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. दिवसाची गरज इतकी थोडी, दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची, की रोज दोन मोठे पेले दूध किंवा तेवढंच दही नियमाने घेणाऱ्याचं काम बहुधा भागतं. चहात घातलेलं चमचाभर दूध त्यात धरायचं नाही. घरी म्हैस बांधलेली असते, दूध डेअरीला जातं आणि घरातल्या सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं. हिशेब तिथेच चुकतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून निघालेली गोष्ट आपल्यालाही लागू आहे. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, अशा मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे या दोघांची जोडी सांभाळायची असते. सिकलच्या घरात हे दुप्पट महत्त्वाचं. रुग्ण जन्मभर फोलिक ॲसिड घेतो. त्याच्यात बी-१२ कमी असेल तर फोलिक ॲसिडमुळे रक्ताचा आकडा जरा सुधारतो, सगळे निश्चिंत होतात, आणि आतल्या आत नसा बिघडत राहतात. शिवाय दोन्ही आजारांत डोळे किंचित पिवळे दिसू शकतात, त्यामुळे ‘हे सिकलचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. तेव्हा शाकाहारी सिकल रुग्णाचं बी-१२ निदान एकदा तपासून घ्या.

तळपायाला मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत, चिडचिड, विसर पडणं, ही मोठ्या माणसातली लक्षणं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांत ती जास्त दिसतात. तान्ह्या बाळात ती ओळखायला आजीची नजर लागते. आधी हसणारं, मान धरणारं बाळ मंद होत जातं, बोटांची पेरं काळवंडतात, केस भुरकट होतात, कधी हात थरथरतात. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि बाळ फक्त अंगावर पितं आहे, अशा वेळी हे डोक्यात ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. दृष्ट काढली तर काढा, पण त्याच दिवशी दवाखान्यातही जा.

चौथं कारण पोटातलं. खाणं चांगलं, गोळ्या नियमित, तरी रक्त वाढत नाही. मग अन्न शोषलं जातं का ते बघावं लागतं. जुनाट जंत, आतड्याचा क्षय, स्वादुपिंडाचा जुना आजार, ज्यात शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगतं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वाहून जातात, असं बरंच काही असू शकतं. मी इथे एकाबद्दलच सविस्तर लिहितो, कारण त्यात औषध म्हणजे फक्त अन्न आहे: सिलिॲक. गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन काहींच्या आतड्याला सोसत नाही आणि अस्तर झडतं. याचा कल आनुवंशिक असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला तेव्हा लोकांची उपासमार होत होती, पण डॉक्टर विलेम डिके यांच्याकडची सिलिॲकची मुलं सुधारली. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून आलेली शंका त्यातून पक्की झाली. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार सापडतो. आपल्याकडे त्याहून कमी असावा, पण रेशनच्या गव्हाने भाकरी मागे सारल्यापासून लहानपणापासून पोटात गहू जाणारी पिढी इथेही तयार झाली आहे.

वारंवार जुलाब, पोट फुगणं, उंची न वाढणं, किंवा फक्त लोहाला दाद न देणारा रक्तक्षय, असं असेल तर टीटीजी ही रक्ततपासणी करा. पण तपासणीआधी गहू सोडू नका. गहू सोडला की चाचणी निर्दोष येते आणि निदान कायमचं घोळात पडतं. ‘ग्लुटेन वाईट असतं’ असं मोबाईलवर ऐकून सोडणाऱ्यांना तर सांगावंसं वाटतं, की ज्याला सिलिॲक नाही त्याने पोळी सुखाने खावी.

निदान पक्कं झालं तर पथ्य जन्मभराचं आणि पूर्ण. आपलं नशीब एवढं चांगलं, की ज्वारी, मका, तांदूळ, बाजरी, कोदो, कुटकी, भगर, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. छिंदवाडा तर मक्याचाच मुलूख. अडचण येते ती कानाकोपऱ्यात. ज्या चक्कीवर गहू दळला त्याच जात्यावर लगेच ज्वारी दळली तर पिठात गहू उतरतो. म्हणून हातजातं किंवा घरची छोटी चक्की, नाहीतर चक्कीवाल्याला सांगून तांदूळ-ज्वारीनंतर आपला नंबर. डबीतला बांधणीचा हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मळलेला असतो. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. शेवया, रवा, दलिया, सातूचं पीठ, बिस्किटं, हॉटेलातली घट्ट रस्साभाजी, सगळं संशयित. आणि देवळापुढचे रोडगे, पानगे आणि शिरा. तिथे प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याला द्या आणि नारळाचा तुकडा मागून घ्या.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. ऊन भरपूर असूनही ते कमी सापडतं, सिकलच्या मुलांत तर बऱ्याचदा. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून घेतलेले लोकही आहेत.

शेवटी एक बाब, जी ताटाच्या आधीची आहे. सोयरीक जुळवताना पत्रिकेबरोबर दोघांचा सिकलचा अहवाल बघा. एक जण वाहक असेल तर बिनधास्त लग्न करा, मूल रुग्ण होणार नाही, फार तर वाहक होईल. मात्र दुसऱ्याचा अहवाल पूर्ण स्वच्छ हवा, थॅलेसेमियाचाही वाहक नको. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. लग्न झालेलं असेल आणि पाळी चुकली असेल तर पहिल्याच भेटीत एचपीएलसी मागा. बायको वाहक निघाली तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात तपासा. दोघंही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास नागपूरसारख्या ठिकाणी करता येते. त्यासाठी आधी समुपदेशकाची वेळ घ्यावी लागते, म्हणून तिसरा महिना लागायची वाट पाहू नका. बाई स्वतः रुग्ण असेल तर हायड्रॉक्सियुरिया कधी थांबवायची हे दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी ठरवा, आणि फोलिक ॲसिड व पाणी दोन्ही चालू ठेवा.